चौदा नंबरची अर्धी खिडकी

सिंदीच्या स्टेशनावर उतरून कोणालाही ‘चौदा नंबर’ विचारलं, तर तो हात लांब करून आमच्या घराकडे बोट दाखवतो. एक ते तेरा नंबर कुठे आहेत, हे आजवर कोणी विचारलेलं नाही. विचारलं असतं तर पंचाईत झाली असती, कारण ते सिंदीत नाहीत. पंधराही नाही. चौकातलं आमचं घर तेवढं चौदा नंबरचं, आणि तो आकडा दाराशेजारच्या खांबावर चुन्यात कोरलेला आहे, इंग्रजीत.

तो कोरणाऱ्याला इंग्रजी येत नव्हतं आणि कोरून घेणाऱ्यालाही नाही. कोरून घेणारे माझे पणजोबा. कापसाचे व्यापारी. त्यांच्याकडून रुई घेणारा एक गोरा एजंट विलायतेला परत जाताना त्यांना एक चित्र देऊन गेला. हातभर रुंदीचं, तपकिरी छपाईचं, एका घराचं चित्र. एजंटाला बहुधा एवढंच सांगायचं असावं की आमच्या गावी अशी घरं असतात. पणजोबांनी त्याचा अर्थ असा लावला की साहेबाने घराचा नकाशा दिला आहे. त्यांनी गवंडी बोलावला, चित्र त्याच्या पुढ्यात ठेवलं आणि सांगितलं, यात जे आहे ते सगळं पाहिजे.

गवंड्याने ते सगळं दिलं. दाराच्या दोन्ही बाजूंना खांब दिले. तीन ओळींत, सारख्या अंतरावर, वर जाता जाता लहान होत जाणाऱ्या खिडक्या दिल्या. चित्रात दारावर अर्धवर्तुळाची काच होती आणि तिच्यात सूर्याच्या किरणांसारख्या दांड्या होत्या. त्या कशा करायच्या हे सुताराला कळेना, म्हणून त्याने बैलबंडीचं एक चाक मधोमध कापलं आणि धावेसकट, आऱ्यांसकट दारावर बसवलं. ते अजून तिथे आहे आणि फार शोभून दिसतं. छपरावर चार धुराडी दिली. चित्रात धुराड्यांच्या आत काय असतं ते दिसत नव्हतं, त्यामुळे ती आतून भरीव आहेत. त्यांतून धूर कधी निघाला नाही. आमच्याकडे वैशाखात ज्या तऱ्हेचं ऊन पडतं त्यात कोणाला तशी इच्छाही झाली नाही. पोपट मात्र त्यांच्यावर बसतात. घरासमोर टोकदार गजांचा लोखंडी कठडा दिला. विलायतेत त्या कठड्यामागे तळघराचा खड्डा असतो म्हणे. आमच्याकडे त्याच्यामागे दोन वितींची जागा आहे आणि तिच्यात कोंबड्या अडकतात. बाहेरच्या बाजूने बैल बांधायला तो उत्तम आहे.

आणि दाराशेजारी जे दोन वेडेवाकडे आकार होते तेही दिले. पणजोबांना ते काहीतरी शुभ असावं असं वाटलं, आपण दारावर श्री लिहितो तसं. दसऱ्याला घरातल्या बाया तोरण बांधून झालं की त्या आकड्यांना हळदकुंकू वाहत. मी सहा वर्षांची असताना नागपूरच्या शाळेतून पहिल्या सुट्टीला घरी आले, दारात उभी राहिले आणि मोठ्याने वाचलं. घरात कोणाला आश्चर्य वाटलं नाही. बाबांना ते माहीत होतं, आईलाही माहीत झालं होतं. पण हळदकुंकू थांबलं नाही. आई म्हणाली, “चौदा असो का चाळीस, इतकी वर्सं सांभाळलं न त्यानं आपल्याले.”

चित्राला पाठ नव्हती, म्हणून आमच्या घराच्या इंग्रजपणालाही पाठ नाही. दारातून आत आलं की आठ पावलांत विलायत संपते. मग पडवीसारखी सपरी, अंगण, विहीर, तुळस, गोठा, सगळं गावातल्या इतर घरांसारखं. चित्रात बाजूच्या भिंतीही नव्हत्या, त्यामुळे गवंड्याने त्या कोऱ्या ठेवल्या, एकही खिडकी नाही. आईचा स्वयंपाक त्यातल्या एका भिंतीला लागून चालतो. लग्न होऊन आल्यापासून ती एक खिडकी मागत होती आणि बाबा म्हणत होते, “चित्रात नाई.”

मोठी झाल्यावर शाळेत मला या सगळ्याचं कोडं उलगडलं. आमच्या एका आयरिश सिस्टरकडे तिच्या शहरातल्या एका चौकाचं पोस्टकार्ड होतं. मधे बाग, चारी बाजूंना घरं, आणि ती घरं एकमेकांना चिकटून, रेल्वेच्या डब्यांसारखी एका ओळीत. प्रत्येकाला खांब, प्रत्येकाला अर्धवर्तुळ, प्रत्येकाच्या दारावर आपला नंबर. या शैलीला जॉर्जियन म्हणतात, असं सिस्टरने सांगितलं. मी ते पोस्टकार्ड हातात धरून बराच वेळ बसले. आमचं घर ओळीतलं होतं. कोणीतरी एका डब्याचं चित्र दिलं आणि पणजोबांनी तेवढा डबा सिंदीत आणून ठेवला होता.

त्याच वेळी मला अर्ध्या खिडकीचाही उलगडा झाला.

आमच्या दर्शनी भिंतीच्या डाव्या टोकाला, खालच्या मजल्यावर, एक अर्धी खिडकी आहे. अर्धी म्हणजे आडवी नाही, उभी कापलेली. उजवीकडे व्यवस्थित चौकट, वर कमानीचा उजवा भाग, एकच झडप, तिला काच. आणि डावीकडे काही नाही, भिंतच संपते. चित्राच्या डाव्या कडेला शेजारच्या घराच्या खिडकीचा तेवढाच तुकडा आला होता. बाकीची खिडकी चित्राबाहेर. ‘यात जे आहे ते सगळं’ असं पणजोबांनी सांगितलं होतं, आणि गवंड्याने शब्द पाळला होता.

त्या खिडकीच्या आत, जिन्याच्या कडेला, एक पाट मावेल एवढी जागा आहे. सुट्टीत मी तिथे बसायची. नागपूरच्या मुली माझ्या इंग्रजीला हसायच्या, कारण त्यात सिंदी यायची. सिंदीत माझ्या मराठीला हसायचे, कारण त्यात कॉन्व्हेंट यायचं. मी कोणाशी पुस्तकातल्यासारखं बोलले की शेजारच्या काकू म्हणत, “आली मडम!” तेव्हा दोन्हीकडे कमीत कमी बोलायचं असं मी ठरवून टाकलं होतं. अर्ध्या खिडकीमागे बोलावं लागत नसे. अर्ध्या खिडकीमागे माणूस असेल अशी कोणी अपेक्षाच करत नाही. मला मात्र तिथून चौकाचा पलीकडचा भाग छान दिसायचा.

मॅट्रिकची परीक्षा देऊन मी घरी आले तो उन्हाळा. तेव्हा आमचा जिल्हा मध्यप्रदेशात होता आणि राजधानी नागपूर. स्टेशनपासून जिनिंगच्या कारखान्यापर्यंतचा रस्ता सरळ आणि रुंद करायचं ठरलं होतं, कारण हंगामात कापसाच्या बंड्यांमध्ये आता ट्रकही येऊ लागले होते आणि आमच्या चौकात सगळे एकमेकांत अडकत. रस्त्याचा नकाशा आला. त्यावर एक तांबडी रेघ होती. ती आमच्या पायऱ्या, कठडा, खांब आणि पुढची भिंत यांच्या मागून गेली होती. म्हणजे मागचं घर राहणार होतं. जाणार होतं ते फक्त चौदा नंबर.

बाबा दोन दिवस जेवले, पण काय जेवले ते त्यांना सांगता आलं नसतं. तसे ते बोलके. भाव, पाऊस, राजकारण, सगळ्यांवर त्यांचं मत असे. पण त्या दोन दिवसांत ते संध्याकाळी चौकातल्या कडुलिंबाखाली जाऊन उभे राहत आणि घराकडे पाहत. जणू दुसऱ्याचं आहे.

आई घरात भाकरी थापता थापता म्हणाली, “कापू द्या न. हवा तरी येईन आत.”

“तुले मस्करी सुचते.”

“मस्करी नाई. वीस वर्सं झाली, मी धुरानं धुपून राह्यली इथं. तुमच्या साहेबाच्या घराले समोरून छत्तीस डोळे अन् बाजूनं आंधळं.”

आईने त्यांच्याकडे पाहिलं आणि पुढची भाकरी जरा जास्तच जोरात थापली. मी तिला ओळखते. बोललेलं परत घेता येत नाही तेव्हा ती असं करते.

मग वर्ध्याला कचेरीत कोणीतरी बाबांना सांगितलं की नागपुरात एक साहेब आहेत, ते जुन्या, जपण्यासारख्या इमारतींची यादी करतात. यादीत नाव आलं तर रस्त्याला वाकावं लागतं. बाबा घरी आले ते कागदाचा ताव घेऊनच. अर्ज इंग्रजीतच पाहिजे, नाहीतर सरकार वाचत नाही, अशी त्यांची खात्री होती. त्यांना इंग्रजीत सही येत होती. बाकीचं इंग्रजी माझ्या वाट्याला आलं.

“सारं लिहिजो,” ते म्हणाले. “काही सोडू नोको.”

मी खिडकीमागे बसून ते पत्र लिहिलं. तोंडाने बोलायचं नसलं की मला बरंच काही सांगता येतं. खांब लिहिले, चाक लिहिलं, भरीव धुराडी लिहिली. सगळ्यात जास्त ओळी अर्ध्या खिडकीवर गेल्या. ती कशी आहे, का आहे, चित्राच्या कडेला काय दिसतं, सगळं. शाळेत निबंधाला ‘डोळ्यांनी पाहिलेलंच लिहा’ असं शिकवत, आणि मी तो नियम पाळला.

“सारं आलं न?”

“हो.”

“मंग दे इकडे.” त्यांनी मोठी, वळणदार सही ठोकली आणि पत्र स्वतः टपालात टाकून आले. सगळ्यात जास्त ओळी कशावर आहेत, हे मी सांगायला हवं होतं. पण त्यांनी विचारलं नाही, आणि न विचारता सांगण्याची मला सवय नव्हती.

पंधरा दिवसांत उत्तर आलं. साहेब येणार, अमुक वारी, सकाळच्या पॅसेंजरने. बाबांचा आवाज परत आला. रात्रीच्या जेवणाला त्यांनी मला अगदी पाहुण्यासारखं पाटावर समोर बसवून घेतलं.

“सांग बाई, तू तर शिकली. विलायती घरात अन् आपल्या घरात काय फरक पडते? साहेबानं बोट ठेवाले जागा नाई पाह्यजे.”

फरक पुष्कळ होते. बंडीचं चाक होतं, भरीव धुराडी होती, आठ पावलांनंतरचं सगळंच घर होतं. बाबांना वाईट वाटू नये म्हणून मी त्यातला सर्वांत लहान निवडला.

“ती अर्धी खिडकी,” मी म्हणाले. “ती आपली नाही, बाबा. शेजारच्या घराची आहे. चित्र तिथे संपलं म्हणून ती अर्धीच दिसते.”

बाबांचा घास हातात राहिला. ते उठले, बैठकीत गेले, भिंतीवरचं चित्र काढून कंदिलाजवळ नेऊन पाहिलं. पाऊणशे वर्षं ते चित्र घरात होतं. त्याच्या कडेकडे कोणी तसं पाहिलंच नव्हतं.

आई हसायला लागली आणि तिला थांबता येईना. पदर तोंडावर धरून म्हणाली, “म्हंजे वो... इतकी वर्सं आपण दुसऱ्याची खिडकी पुसून राह्यलो? दर दिवाळीले! साबण लावून!”

बाबांना हसू आलं नाही. सकाळी गवंडी दारात होता.

हा गवंडी म्हणजे घर बांधणाऱ्या गवंड्याचा नातू, आता स्वतःच म्हातारा. अर्धी खिडकी बुजवायची म्हटल्यावर त्याने थापी खाली ठेवली.

“माह्या आज्यानं लावली हे, मालक.”

“तुह्या आज्याले अर्धी अन् पूर्ती समजत नव्हती काय?”

“समजत होती. त्यानं मोठ्या मालकाले इचारलं होतं, हे अर्धीच काऊन? मोठे मालक म्हणे, साहेब काय येडा हाय काय? हाय तशी लाव.”

“मी सांगून राह्यलो, बुजव.”

म्हाताऱ्याने बाबांकडे पाहिलं, मग खिडकीकडे, मग थापी उचलली. दुपारपर्यंत तिथे पांढरी, गुळगुळीत भिंत झाली. मी आत पाटावर बसून काच काळी होताना पाहिली. माझ्या तोंडाशी दहा वेळा आलं की बाबा, पत्रात ही खिडकीच तर जास्त आहे. दहाही वेळा मी गिळलं. पहिल्या दिवशी वाटलं, संध्याकाळी सांगू. दुसऱ्या दिवशी वाटलं, साहेबाने कदाचित पत्र नीट वाचलं नसेल. भित्र्या माणसाला सरकारच्या आळसाचा फार आधार वाटतो.

साहेबांनी ते नीट वाचलं होतं.

ते आले तेव्हा त्यांच्या एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात माझं पत्र होतं. किडकिडीत, चष्मेवाले, बोलणं पुण्याकडचं. बाबांनी पुढे होऊन नमस्कार केला, पन्हं दिलं, खांब दाखवले, खिडक्या मोजून दाखवल्या. साहेब “वा”, “अस्सं” म्हणत होते आणि त्यांची नजर सारखी डावीकडे जात होती. आईने आग्रहाने पाटोडीचा झणझणीत रस्सा वाढला. दुसऱ्या घासाला साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते घराच्या कौतुकाचं आहे अशी बाबांची समजूत झाली आणि ती कोणी मोडली नाही.

जेवण झाल्यावर साहेब परत चौकात जाऊन उभे राहिले. कडुलिंबाखाली चार माणसं आधीच जमली होती; गवंडीही होता. साहेबांनी पत्र उघडलं.

“यात डाव्या कडेला एक अर्धी खिडकी लिहिली आहे. ती कुठे आहे?”

मी दाराआड उभी होते.

“ते चूक होती, साहेब,” बाबा म्हणाले. त्यांना कौतुकाची अपेक्षा होती. “दुरुस्त केली. आता घर एकदम बरोब्बर हाय.”

“कधी केली?”

“परवा.”

साहेबांनी भिंतीवर बोट टेकवलं. बोट पांढरं झालं. त्यांनी ते रुमालाला पुसलं आणि चष्मा काढला.

“अशी बरोबर घरं विलायतेत गल्लोगल्ली आहेत,” ते म्हणाले. “त्यांची काळजी घ्यायला तिकडची माणसं समर्थ आहेत. मी इतक्या उन्हात आलो तो त्या खिडकीसाठी. कोणीतरी चित्र शेवटच्या कडेपर्यंत खरं मानलं आणि तसं घर बांधलं, असं मी दुसरं ऐकलेलं नाही. तीच नाही तर मी यादीत लिहू काय?” त्यांनी पत्राची घडी घातली. “परतीची पॅसेंजर किती वाजता?”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांना अजून कळलंच नव्हतं. ते भिंतीकडे पाहत होते, त्या नव्या पांढऱ्या जागेकडे, आणि त्यांच्या खांद्यांचं काहीतरी झालं. इतक्या मोठ्या आवाजाचा माणूस आणि वेळ सांगायला त्यांना आवाज सापडेना.

“आतून आहे,” मी म्हणाले.

कोणालाच ऐकू गेलं नाही. माझ्या बोलण्याचं साधारणपणे असंच होतं आणि एरवी मला ते सोयीचं असतं.

“अवो,” आई मागून म्हणाली, “पोरगी काहीतरी म्हणून राह्यली.”

सगळा चौक माझ्याकडे वळला. अर्धा नव्हे, सगळा.

“आतून आहे अजून. खिडकी. बाहेरूनच बंद केली. काच, झडप, सगळं तसंच आहे.”

साहेबांनी चष्मा परत लावला. “हे पत्र तुम्ही लिहिलंत?”

“हो.”

“मराठीत लिहिलं असतं तरी चाललं असतं.”

कडुलिंबाखाली कोणीतरी हसलं. बाबांनी आता माझ्याकडे पाहिलं. “तू त्याच्यात खिडकीचं लिहिलं?”

“तुम्ही म्हणालात, काही सोडू नको.”

मी साहेबांना आत नेलं. जिन्याच्या कडेच्या जागेत ते पाटावर बसले; त्यांचे गुडघे हनुवटीला लागले. अंधारात त्यांनी चौकट चाचपली, काचेवर टिचकी मारली. मग त्यांनी तो प्रश्न विचारला, जो कोणी विचारू नये म्हणून मी इतकी वर्षं तिथे गुपचूप बसत होते.

“इथे पाट कोणाचा?”

“माझा.”

“काय दिसतं इथून?”

“अर्धा चौक. पलीकडची पाणपोई, आणि बंड्या वळतात ती जागा. घरातून बाहेर पडणारी माणसं दिसत नाहीत. येणारी दिसतात.”

साहेबांनी अंधारातच ते लिहून घेतलं. मला ते शपथेवर सांगितल्यासारखं वाटलं.

तेवढ्यात बाहेर गलका झाला. आम्ही बाहेर आलो तर आई चौकात उभी होती. माझ्या आठवणीत सणावाराखेरीज आई कधी त्या बाजूला उभी राहिली नव्हती. तिचं जाणं-येणं मागच्या दाराने. पदर कमरेला खोचलेला आणि हातात उलथनं, भाकरीचं. तिने ते नव्या चुन्याच्या कडेला घातलं.

“अगं, लोकं पाहून राह्यले!” बाबा म्हणाले.

“पाहू द्या. परवा बुजवताना पाहत होते, आता उघडताना पाहतीन.”

“तूच तर म्हणे, कापू द्या...”

“मी म्हणन! दुसऱ्यानं कापाचं नाई. तुमी सरका तिकडे.”

“हळू माय,” गवंडी पुढे झाला. “खालून घाला. खालून. आत बारदान हाय.”

“बारदान?” बाबा म्हणाले.

गवंड्याने पागोट्याची टोकं उगाच सारखी केली. “काचेवर बारदान लावलं, त्याच्यावर चुना मारला. चुना पकडला नाई पाह्यजे म्हणून. मले वाटलंच होतं मालक, एखांद्या दिवशी उघडा लागन.”

आईने खालून उलथनं सरकवलं, मनगट वळवलं, आणि चुन्याचा एक मोठा थर तव्यावरची भाकरी सुटावी तसा सुटून आला. लोकांनी चक्क टाळ्या वाजवल्या. मी आत पळाले आणि पाटावर जाऊन बसले. त्या गर्दीत मला दुसरी जागा सुचली नाही. बारदान निघालं, काचेतून उजेड आला आणि पलीकडे आईचा चेहरा दिसला. अर्धाच. कपाळावर चुना, त्याखाली कुंकू.

“बसली काय तिथं?” ती काचेतून म्हणाली. “मले ठाऊक होतं. जिन्यावर अभ्यास करते म्हणे!”

साहेबांनी बैठकीतलं चित्र मागून घेतलं, कडुलिंबाखाली जाऊन ते हात लांब करून घरासमोर धरलं. उजवी कड उजव्या टोकाला, डावी कड अर्ध्या खिडकीला. मग बाबांनी धरून पाहिलं. मग गवंड्याने, बराच वेळ. साहेब पॅसेंजरने गेले. जाताना काही कबूल केलं नाही. सरकारी माणसं करत नाहीत.

पोळ्याच्या आधी पत्र आलं. ते मराठीत होतं, म्हणून बाबा थोडे हिरमुसले, पण वाचल्यावर त्यांनी ते सलग तीन वेळा मोठ्याने वाचलं. घराचा दर्शनी भाग, डाव्या कडेच्या अर्ध्या खिडकीसह, जपण्याच्या यादीत घेतला होता. परवानगीवाचून त्यात कोणताही फेरबदल, बुजवणं किंवा रंगकाम करू नये, असं खाली होतं. बुजवणं या शब्दाखाली साहेबांनी शाईची रेघ मारली होती. तांबडी रेघ पुढे रस्त्याकडे सरकली. रस्ता आता आमच्या पायऱ्यांपाशी येऊन जरा वाकतो आणि पुढे जातो. बंडीवाले तिथे बैलांना जी शिवी देतात ती मी इथे लिहू शकत नाही.

आईने पत्र माझ्याकडून पुन्हा वाचून घेतलं.

“बाजूच्या भिंतीचं काही लिहिलं काय त्याच्यात?”

“नाही.”

“पाह्य बरं नीट.”

मी नीट पाहिलं. नव्हतं. पुढच्याच आठवड्यात तिने गवंड्याला बोलावलं, आणि स्वयंपाकघराच्या भिंतीला खिडकी पडली. पूर्ण, दोन झडपांची. बाबा “चित्रात नाई” म्हणायला गेले होते, पण त्यांनी ते अर्ध्यातच सोडलं.

आता मी नागपूरला कॉलेजात आहे आणि सुट्टीलाच घरी जाते. बाबांकडे कोणी पाहुणा आला की ते त्याला आधी खांब दाखवत नाहीत, नंबरही नाही. थेट डाव्या टोकाला नेतात आणि म्हणतात, “हे पाहा. हे इथं अर्धी, अन् याची उरलेली अर्धी विलायतेत हाय. शेजाऱ्याकडे.” गेल्या दसऱ्याला खिडकीलाही हळदकुंकू लागलं. त्यासाठी परवानगी मागावी लागते का, याची बाबांनी दोन दिवस काळजी केली.

“मंग धाडा न त्या शेजाऱ्याले चिठ्ठी,” आई म्हणाली. “म्हणा, इकडची आमी पुसून राह्यलो, तिकडची तुमी पुसत जा. दर दिवाळीले. साबण लावून.”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. घरातलं इंग्रजी अजून माझ्याच वाट्याला आहे. तेवढी एक चिठ्ठी मी लिहिलेली नाही, पण पत्ता अर्धा तर मला माहीत आहे. तेरा, नाहीतर पंधरा नंबर.